रॅमची दुसरी जोडी

बाजारात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. बाई तीस वर्षं कॉम्प्युटर जुळवत आली, पण एका जागी बसून चहाचा कप संपवला असेल तर शपथ! स्क्रू पिळता पिळता फोन, फोनवर बोलता बोलता केर. लेक जेवायला बसली की विचारायची, "झालं का?" आणि उत्तर यायच्या आत ताट उचलायची.

लेक घरातूनच काम करायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं स्कॅन पाठवायचे आणि ही पडद्यावर दाताची कॅप घडवायची, खाचाखोचांसकट. अख्ख्या जबड्याचं काम आलं की मशीन धापा टाकायचं. मागच्या आठवड्यात तिने सांगून टाकलं, दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये नोकरी मिळाली आहे, तिथेच खोली घेतेय. "इथे माझं काम होत नाही गं, आई."

झालं! भिंगरीने लगेच निदान करून टाकलं. काम होत नाही म्हणजे मशीन हळू. मशीन हळू म्हणजे रॅम कमी. आणि रॅम वाढवणं तर तिच्या डाव्या हातचा मळ. मशीन पळायला लागलं की पोरगी कशाला घर सोडून जाईल?

लेक सकाळी बॅग आणायला बाहेर पडली आणि ही तडक दुकानात.

"मागच्या वर्षी नेली होती ना मी, तसलीच अजून एक जोडी दे," तिने रॅमवाल्याला फर्मावलं.

रॅमवाला सावकाश माणूस. "ताई, आधी मदरबोर्डाच्या कंपनीची, कुठली रॅम चालते त्याची यादी बघा. तुमच्या बोर्डावर रॅमच्या दोन स्टिक पूर्ण स्पीडने चालतात. चार लावल्या तर स्पीड खाली आणावा लागतो. शिवाय डब्यावर नाव एकच असलं तरी वेगळ्या डब्यांतल्या जोड्यांचं एकमेकींशी पटेलच असं नाही. त्यापेक्षा मोठ्या स्टिकची एकच जोडी घ्या. परवा मागवून देतो."

"परवा? परवा ती गाडीत बसलेली असेल! तू दे रे, मला नको शिकवूस."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. घरी येऊन तिने मशीन उघडलं, रिकाम्या दोन स्लॉटमध्ये नव्या स्टिक दाबल्या, टक टक आवाज आला, बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

आता, भिंगरी शिकली ती जुन्या मशीनवर. तेव्हा दहा मोजेपर्यंत पडदा उजळला नाही तर समजायचं, काहीतरी बिनसलंय. तिने मोजले, जरा भरभरच मोजले, आणि मशीन बंद केलं. स्टिक काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, परत लावल्या. काळाच. जागा बदलल्या. काळाच. बोर्डावरची गोल बॅटरी काढून घातली. तरी काळाच! गेलं मशीन. पोरगी राहायची तर राहिली बाजूला, जाता जाता आपल्याच आईने केलेला घात बघून जाणार.

ती परत बंद करायला बटणाकडे हात नेतेय तोच दारात लेक उभी.

"आई! काय केलंस? त्यात एका आजोबांचा जबडा आहे, आज द्यायचाय!"

"अगं, तुझ्यासाठीच..."

लेकीने बॅग टाकली, फोनवर बोर्डाच्या कंपनीचं पान काढलं आणि वाचत राहिली. मग कपाळावर हात मारला. "चार स्टिक नव्याने लावल्या की बोर्ड आधी त्यांची नीट पारख करतो. तोवर पडदा काळा राहतो, पंधरा मिनिटंसुद्धा. तू मध्येच बंद केलंस की त्याचं सगळं पहिल्यापासून. कितीदा बंद केलंस?"

"मोजलं नाही."

"बस इथे."

दोघी बसल्या. भिंगरीचा पाय हलत होता, बोटं टेबलावर वाजत होती. एकदा ती उठायला लागली, तर लेकीने मनगट धरून ठेवलं. घरात एवढी शांतता किती दिवसांत झाली नव्हती. पंख्यांचा आवाज ऐकत ती बसून राहिली आणि तिला रडूच यायला लागलं.

पडदा उजळला. स्पीड खाली, पण रॅम दुप्पट. लेकीने जबडा उघडला. तो न अडखळता गर्रकन फिरला.

"बघ!" भिंगरी उडालीच. "पळतंय की नाही? आता नको ना जाऊस!"

लेकीने फिरता जबडा थांबवला. "आई, मी मशीनमुळे जात नाहीये गं. मी जरा गप्प बसले की तू येतेस. काय झालं, का बोलत नाहीस, काय बिघडलंय. माझं काही बिघडलेलं नसतं. मला नुसता थोडा वेळ लागतो."

भिंगरीला बोलायला खूप होतं. तिने मशीनचं झाकण लावायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी लेक गेली. गाडीत बसताना म्हणाली, "पोचले की मी फोन करीन. तू करू नकोस हं." जित्याची खोड ती, दुपारपर्यंत भिंगरीने चारदा फोन उचलला. चारदा ठेवला. गाडी पोचायची वेळ टळली. फोनचा पडदा काळाच. ती मशीनसमोरच्या खुर्चीत मांडीवर हात घट्ट धरून बसून राहिली.

तिन्हीसांजेला फोन वाजला. लेकीचा आवाज घाबराघुबरा होता.

"आई, तुझा एकही फोन कसा नाही? बरी आहेस ना?"

"बरी आहे गं," भिंगरी म्हणाली. "बसले होते."