दोन मिनिटं गप्प

महिपती पाटलाला खुर्ची हवी होती. घरातली नव्हे, घरात दोन होत्या. त्याला हवी होती इंदापूरच्या दरबारातली. तिथं मानकरी खुर्चीवर बसायचे आणि कन्हेरीचा पाटील मागं सतरंजीवर, मांडी घालून. गेल्या खेपेला सुप्याचा पाटील खुर्चीतून मागं वळून गोड हसला होता. ते हसू महिपतीला अजून सलत होतं.

अशात प्रांतसाहेबाचा सांगावा आला. कन्हेरीच्या चावडीच्या भिंतीत सरकारनं बसवलेला एक संगमरवरी दगड होता. सन चौदाच्या मोठ्या लढाईला या गावातून एकोणीस गडी गेले, त्यातला एक कामी आला, एवढंच त्यावर कोरलेलं. नाव कुणाचंच नाही. तर त्या एकासाठी, लढाई थांबली त्या तारखेला, म्हणजे येत्या अकरा नोव्हेंबरला, सकाळी अकराच्या ठोक्याला, अख्ख्या गावानं दोन मिनिटं गप्प उभं राहायचं आणि साहेब ते जातीनं बघणार. नीट पार पडलं तर खुर्चीचं बघू, असं साहेबाचा कारकून जाता जाता बोलून गेला.

"गप्प ऱ्हायचं? येवढंच?" पाटील हरखला. मग त्याला आठवलं की हे गाव कन्हेरी आहे. इथं माणसं शेजारच्या ओट्यावर बसून एकमेकांशी बोलायची ती पल्याडच्या शिवारात ऐकू जायची.

पण पाटील कामाला लागला. त्याचा उजवा हात दत्तोबा. त्यानं कुंभाराची गाढवं ओढ्यापल्याड हाकलली, लोहाराचा भाता बंद केला, कुत्र्यांना गूळभाकरी घालून सुस्त केलं आणि गावातली एकूण एक कोंबडी धरून पाटलाच्या धान्याच्या अंधाऱ्या बळदात कोंडली. आत जी काही फडफड चालली होती ती पाटलीणबाईंनी सोसायची होती.

"आता ठमाबाई ऱ्हायली," दत्तोबा म्हणाला.

ठमाबाई म्हणजे गावाची तुतारी. बाईनं मळ्यातून म्हशीला हाळी घातली की बारामतीच्या वाटेवरचे गाडीवान बैल थांबवून मागं बघायचे. झोपेतसुद्धा बडबडते म्हणे. अकरा तारखेला पहाटेच पाटलानं तिला गोड बोलून स्वतःच्या बैलगाडीत बसवलं, दुधी भोपळे दिले आणि सांगितलं, "काकी, सुप्याला लेकीकडं जाऊन या. चार रोज ऱ्हावा निवांत."

"माजं मेलीचं येवढं कौतुक कशापायी रं, म्हयपती?" म्हातारी विचारत विचारतच गेली. गाडी दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज बराच वेळ येत होता. तो विरल्यावर दत्तोबानं तिची तेवढी राहिलेली कोंबडीही बळदात नेली.

जो एक गडी लढाईत कामी आला, तो या ठमाबाईचाच लेक होता, संभा. आता हे पाटलाला ठाऊक नव्हतं असं नाही. दोघं एका ओढ्यात पोहायला शिकले होते. पण खुर्चीच्या नादात त्याला तो दगडावरचा 'एक' तेवढा दिसत होता. दूर बसऱ्याच्या आघाडीवरून संभा गेल्याचा निरोप आला तेव्हा ना मढं आलं, ना राख. जाणती माणसं म्हणाली, थांब बाई, असले निरोप चुकतातही. म्हातारी थांबली. थांबता थांबता रडायचं राहूनच गेलं. आता इतक्या वर्षांनी कुणाच्या दारात बसून रडणार? मग ती नुसती बोलत सुटली.

अकरा तारखेला साहेबाची मोटार आली. गाव चावडीपुढं दाटीनं उभं होतं. साहेबानं टोपी काढली. कारकून म्हणाला, "सगळ्यांनी काढा."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. घरात कुणी गेलं तरच पुरुष चारचौघांत बोडक्या डोक्यानं उभा राहतो.

"कोन मेलंय म्हनून काढायचं?" दत्तोबा पुटपुटला.

"काढ म्हनतो तर काढ की!" पाटलानं आपला पटका आधी काढला. मग भराभर सगळ्यांची पागोटी खाली आली.

अकरा वाजले आणि कन्हेरी गप्प झाली. खरंच झाली! लिंबाचं पान पडलं तरी ऐकू यावं, अशी गप्प. पाटलाचा ऊर भरून आला. खुर्ची त्याच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, हात टेकायला दांड्या असलेली.

"म्हयपती! अरं, माजी कोंबडी अंड्यावर बसलीया, तिला दानापानी घालायचं इसरून गेले मी, म्हनून अर्ध्या वाटंतनं माघारी आले, तर खुराड्यात कोंबडीच..."

ठमाबाई चावडीच्या कोपऱ्यावरून वळली आणि जागच्या जागी थांबली. तिनं सगळी बोडकी डोकी बघितली. तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला.

"कोन मेलं रं?"

ती एकेकाच्या तोंडाकडं बघत पुढं आली. "म्हातारा आप्पा तर हितं हाय. दत्तोबा हाय. मग कोन? म्हयपती, सांग की रं लेकरा. कुनाचं मानूस गेलं?"

साहेब घड्याळात बघत होता. अजून थोडं तोंड मिटून राहिलं की खुर्ची मिळाली. पाटलानं ओठ घट्ट दाबले. मग त्याची नजर दगडावरच्या त्या 'एक'वर गेली आणि ओढ्यात गटांगळ्या खाणारा संभा त्याला दिसला.

"तुजा संभा गेला, काकी," तो मोठ्यानं म्हणाला. "त्याच्यासाठी उभं हाय सगळं गाव."

म्हातारी मटकन खाली बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की बळदातल्या कोंबड्याही गप्प झाल्या. आयाबायांना काही सांगावं लागलं नाही. सगळ्या येऊन तिच्या गळ्यात पडल्या.

"माज्या राजा, सायीसाठी भांडायचास रं! तितं तुला साय कुनी दिली? लुगडं आनतो म्हनलास, मी अजून जुनंच नेसतीया! आन ह्या म्हयपतीनं तुजा भवरा चोरला, त्यो मागून सुदिक घेतला न्हाईस रं!"

दत्तोबा हुंदके देत होता. साहेबानं ती काय म्हणते ते विचारलं. कारकून डोळे पुसत म्हणाला, "सायीचं सांगतेय, साहेब. आणि भोवऱ्याचं." साहेबानं घड्याळ खिशात टाकलं, पण टोपी काही घातली नाही. मोटारीत बसताना मात्र तो पाटलाशी एक अक्षर बोलला नाही. खुर्ची गेली ती कायमची.

बऱ्याच वेळानं म्हातारी शांत झाली. पदरानं नाक पुसून तिनं वर बघितलं. महिपती पाटील तसाच उभा होता, पटका हातात, गाल ओले.

"घाल की रं आता डोईला," ठमाबाई म्हणाली. "ऊन लागंल. आन माजी कोंबडी कुठं हाय?"