चटईखाली कोण?

चटईखालून दोन पावलं बाहेर आली होती. ती कुणाची, ते सालोफानं लगेच ओळखलं.

नुकतं उजाडलं होतं. घरासमोरच्या गवतावर तलम चटई डोक्यावरून पांघरून कुणीतरी मान खाली घालून बसलं होतं. अपराध्यानं असंच यायचं आणि असंच बसायचं, तोंडातून अवाक्षर न काढता. घरच्यांनी चटई उचलली की माफी झाली, विषय संपला. नाही उचलली तर बसा उन्हात. सवाईई बेटावर याहून मोठी लाज नाही. सालोफा किती दिवस याचीच वाट बघत होती. तिच्या लेकाला, ऊइलीला, दवाखान्यातून घरी पाठवायचं कुणी ठरवलं, त्या माणसाचं तोंड तिला एकदा बघायचं होतं. बस, एवढंच.

आणि ही पावलं! डाव्या टाचेवर प्रवाळानं कापल्याची आडवी खूण. ती जखम सालोफानंच धुतली होती, तिनंच बांधली होती. शेजारची तोफी, दवाखान्यातली नर्स.

"मेल्यांनी पोरीला आणून बसवलं हो, भावोजी!"

"वहिनी, हळू," तिचा दीर तुआला म्हणाला. घराण्याचा कारभार त्याच्याकडे होता. "पाहुणे ऐकतायत."

"ऐकू देत की! कान तरी आहेत म्हणायचे."

पाहुणा म्हणजे प्रेबल, ऑकलंडच्या कंपनीचा साहेब. गार हवा जाऊ नये म्हणून गाडी सुरूच ठेवून उतरलेला. अंगणातल्या सिमेंटच्या ओट्याला तो रेलला होता आणि पाण्याची बाटली त्यानं ओट्यावर ठेवली होती. तो ओटा नव्हता. ती ऊइलीची कबर होती. तुआलानं डोळ्यांनी खुणावलं, पण त्या बाबाला कळेल तर शपथ.

ऊइली पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेला, तेव्हा तिथे डॉक्टर नव्हता, याच कंपनीचं यंत्र होतं. बोटीनं मोठ्या इस्पितळात कुणाला न्यायचं ते यंत्र ठरवायचं. त्यानं विचारलं, एक ते दहात दुखणं किती? ऊइलीच्या अंगावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदण. हूं की चूं न करता सोसलेलं. असला गडी चारचौघांत 'दहा' म्हणेल? 'तीन' म्हणाला, वर हसला. गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल त्या 'तीन'चा अर्थ. पण यंत्र शिकलं परमुलखातल्या रोग्यांवर. त्यानं तीन धरले, हसू धरलं आणि हिरवा दिवा लावला: घरी जा. तोफीनं 'तातडीचं आहे' म्हणून पुन्हा पुन्हा लिहिलं. ते कुठल्याशा रांगेत जाऊन पडलं. ऊइलीचं आंत्रपुच्छ फुटलं आणि पोरगा घरातच गेला, आईच्या मांडीवर.

नंतर सालोफा विचारत फिरली. इस्पितळ म्हणालं, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, सिस्टीमनं ठरवलं. सिस्टीमला कुणी शिकवलं? ती म्हणे माहितीवरून आपलीआपणच शिकते. आणि 'तीन' तर तुमच्याच मुलानं सांगितलं ना? शी! मेलेल्या पोराच्या माथी मारून हे हात धुऊन मोकळे. त्या दिवसापासून सालोफाला त्या लोकांच्या गोड आवाजाचीच किळस बसली होती.

ती गवतातून चटईपाशी गेली. "तोफी, तू गं का बसलीस?"

चटईतून घोगरा आवाज आला. "शेवटचं बोट माझं होतं म्हणतात, मावशी. पडद्यावर 'मान्य' दाबल्याशिवाय पुढचा रोगी उघडतच नाही. बाहेर बाळंतीण ओरडत होती. मी दाबलं. आता कागदावर निर्णय माझा. बसली नाहीस तर नोकरी गेली म्हणाले."

"आणि हा कशाला आलाय?"

"फोटो काढायला."

खरंच, प्रेबलनं मोबाईल वर धरला होता. "जरा सावकाश उचला हं, मॅडम," तो गोड आवाजात म्हणाला. "आम्हालाही फार वाईट वाटतंय."

सालोफाला डाव कळला. चटई उचलली तर कंपनी सुटली. नाही उचलली तर ही लेक उन्हात भाजणार. काय डोकं लावलंय मेल्यांनी! अशा वेळी बरं डोकं चालतं यांचं.

ती चटईच्या मागे गेली आणि फतकल मारून बसली. आत हात घालून तिनं तोफीला दोन्ही काखांत धरलं आणि मागच्या मागे ओढून बाहेर काढलं. चटई उचलली नाही. ती रिकामी होऊन आपोआप गवतावर पडली. तोफी घामानं निथळत होती, नाक वाहत होतं. सालोफानं पदरासारखं आपल्या लुंगीचं टोक ओढून तिचं तोंड पुसलं. "आत जा. चहा आहे, केळी उकडलीत. खा."

प्रेबल गोंधळला. "म्हणजे... माफी झाली?"

"जागा रिकामी झाली," सालोफा म्हणाली. "या, बसा."

"मी? मॅडम, मी काही ठरवलेलं नाही."

"मग कुणी ठरवलं?"

"सिस्टीमनं."

"मग तिला आणा. बसवा इथं. मान खाली घालता येते का तिला?"

 तुआला पुढे आला, कबरीवरची बाटली उचलली आणि साहेबाच्या हातात दिली. प्रेबल गाडीकडे निघाला, दाराशी थबकला, परत वळला.

"एक विनंती होती. ती चटई... तिकडे आपिया शहरातून भाड्यानं आणलीय. संध्याकाळपर्यंत परत द्यायचीय."

सालोफाला वाटलं, थुंकावं. पण समोर लेकाची कबर होती. ती चटईच्या कडेला पाय रोवून उभी राहिली.

"खाली माणूस बसेपर्यंत ती इथून हलायची नाही."

"आणि भाडं वाढलं तर? ते कोण भरणार?"

"ते मला नका विचारू," सालोफा म्हणाली. "तुमची सिस्टीम ठरवेल."