सांडलेले तांदूळ

"किती जण होते?" जमादारानं पुन्हा विचारलं.

"सा-सात असतील, सायेब. तोंडाला फडकी बांदलेली. एकानं बैल धरलं, दोगांनी मना खाली वढला, मंग—"

शेणव्याच्या जयराम पाटलांच्या ओटीच्या पायरीखाली भिमा सकाळपासून उभा होता. डोक्याला मुंडाशाचंच फडकं गुंडाळलेलं, कानाजवळ ते भिजून काळं पडलेलं. मुरबाडच्या हद्दीतल्या शेवटच्या गावात काळूराम शेटचं दुकान, आणि शेटची गाडी भिमा मिसरूड फुटल्यापासून हाकत आलेला. आज तांदळाच्या गोणी घेऊन तो खर्डी स्टेशनाकडे निघाला होता. पहाटे शेणव्याच्या अलीकडच्या ओढ्यात गाडी अडली, आणि तीन गोणी गेल्या.

"पाचजण झाले की कायद्यानं दरोडा," जमादार म्हणाला आणि त्यानं पेन्सिल कानावरून काढली.

दरोडा म्हटला की फौजदार येणार, मागोमाग शिपाई गावात मुक्काम ठोकणार, आणि गावातली शेवटची कोंबडी ओरडायची थांबल्याशिवाय ते उठणार नाहीत, हा हिशेब पाटलांना तोंडपाठ होता.

"भिमा, नीट आठव बाबा. धुक्यात एकाचे दोन दिसत्यात. चौघं असतील."

"चौगांनी नुस्ती गाडी धरली, पाटील. मारनारं—"

"मारणारे वेगळे मोजू नको रे!"

जमादारानं सात खोडून चार केले. दरोड्याची जबरी चोरी झाली. भिमानं मान हलवली. तीन माणसं कमी झाली, तरी डोकं होतं तेवढंच ठणकत होतं.

दुपारी काळूराम शेट सायकलीवरून घामाघूम होऊन आला. भिमाच्या जिवात जीव आला. आता मालक बोलेल. शेटनं आधी गाडीतल्या गोणी मोजल्या, मग बैलांचे पाय पाहिले, मग भिमाकडे पाहिलं.

"या शेट. माल तुमचाच ना?" जमादारानं विचारलं. "मग तांदूळ हलवायचा परवाना असेलच."

शेटची मान जिथल्या तिथं थांबली. लढाईचे दिवस होते. सरकारी परवान्याशिवाय गोण हलवणं हीही एक चोरीच. फक्त तिला काळा बाजार म्हणत, आणि ती करणाऱ्याला शेट.

"छे हो, जबरी कसली?" शेट हसला. "गाडीवाल्याचा डोळा लागला असेल. कुणी भुरट्यानं काढून नेल्या."

"झोपलेल्याचं डोकं कोण फोडतं? का ह्यानंच गोणी वाटेत कुणाला दिल्या, नि कपाळ दगडावर आपटून घेतलं?"

भिमानं हात जोडले. "सायेब, देवाशपथ... शेट, सांगा ना तुमी. इतकी वरसं कवा दाना तरी कमी भरला का?"

शेट सायकलीची घंटी पुसत राहिला.

"तालुक्याला नेतो," जमादार म्हणाला. "दोन दिवस बसवला की माल कुठून आला, कुणाकडे चालला, सगळं सांगेल."

हे ऐकताच शेटला भिमाची कदर आली. "नको, नको! भिमा नि चोर? अहो, देवमाणूस तो! गोणीच जुन्या होत्या. उसवल्या. तांदूळ वाटेत सांडला."

"तीन गोणी सांडल्या?"

"रस्ता फार वाईट, जमादारसाहेब."

दोघं गोठ्यामागे जाऊन आले. परतताना जमादाराला रस्ता फारच वाईट असल्याचं पटलेलं होतं.

"आनि माजं डोकं?" भिमानं विचारलं.

"बैल उधळला. जू लागलं," पाटील म्हणाले.

गाव सुटलं, शेट सुटला, जमादाराचं जेवण सुटलं नाही. बाकी राहिला भिमा. निघताना शेट चारचौघांना ऐकू जाईल असा ओरडला, "बघत काय राहिलास? सांडलं ते वेचून आण! तवर गाडीला हात लावू नको."

संध्याकाळी भिमाची बायको गुणाबाई विहिरीवरून रिकामीच कळशी घेऊन आली. शेजारच्या हिराबाईनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय गो गुणा, तांदूळ सांडला कुटं? तुज्याच कणगीत ना?"

गुणाबाईनं कळशी ठेवली. "दरोडाच ऱ्हायला आसता तर बरा व्हता," ती म्हणाली. "मार खाल्लाव, येवडं तरी तुमचं ऱ्हायलं आसतं."

सूप कुठं आहे, एवढंच भिमानं विचारलं.

सकाळी दोघं ओढ्यात उतरली. जिथं गोणी दगडांवरून ओढल्या होत्या, तिथं पाखरांनी सोडलेले दाणे होते, दवानं फुगलेले. गुणाबाईनं ते खड्यांसकट सुपात घेतले. भिमानं डोक्याचं फडकं सोडलं, जखमेला चिकटलेलं होतं ते हळूच ओढून काढलं आणि दाणे त्यात बांधले.

बाजाराचा दिवस होता. शेटच्या दुकानात माणसं दाटलेली. हिराबाई मीठ घेत होती.

"शेट, सांडलेलं आनलंय."

शेटनं वर पाहिलं नाही. "बरं, बरं. ठेव तिथं."

"ठेवत नाय. तोला."

शेटनं गाठोडं घेतलं, हसत गाठ सोडायला लागला. फडक्याची घडी वाळून कडक झाली होती, काळी पडली होती. त्याची बोटं थांबली.

"फडकं काढून तोलू दे."

"फडक्यासकट तोला," भिमा म्हणाला. "त्याला लागलंय, ते बी थितंच सांडलंय."

मिठाची पुडी हातात धरून हिराबाई तशीच राहिली. शेटनं गाठोडं तागडीत ठेवलं, दुसऱ्या पारड्यात सगळ्यात लहान वजन टाकलं. पारडी वरखाली होत राहिली. आजवर मुंडाशाशिवाय कुणी न पाहिलेला भिमा उघड्या डोक्यानं सगळ्यांसमोर उभा होता, पारडी थांबायची वाट बघत.