दात न लागलेली गोळी

बिडकीनच्या मोतीरामची ठासणीची बंदूक एवढी लांब, की दारू बिडकिनात भरायची आन् नळीचं तोंड पुसायला पैठणला जायचं. निजामाच्या काळात तिच्या बारानं चंद्राला खड्डा पडला, तो अजून बुजला नाय. मोतीराम असं सांगायचा, आन् त्याची बायको गोजरबाई हसत हसत चुलीवर शिसं वितळायची.

मक्यातली डुकरं मारायचा परवाना त्या घरात होता, आन् एक रिवाजही होता. गोळी ओतून गार झाली की घरच्या माणसानं ती चावायची. मऊ शिशावर दाताची खूण उठली की गोळीला घर कळतं, मग ती मालकावर उलटत नाय. मोतीरामच्या तोंडाचं बोळकं झालं. गोजरबाईचे पुढचे दोन दात उसानं नेले, खिंड पडली. मग हे काम नातीकडं, विशाखाकडं आलं. तिला लई हौस. गोळी चावायची, चघळायची, गालात धरून अंगणभर हिंडायची.

होता होता पोरीचं पोट दुखायला लागलं, रंग उडाला. शहरातल्या डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं.

"घरात शिसं कुठून येतं?"

गोजरबाईनं गोळीचा रिवाज सांगितला.

घरी येऊन तिनं पळी, साचा, सगळं शिसं पोत्यात भरून बाहेर काढलं.

"आता ह्या घरात शिसं आलं तर मी जाईन."

"आन् डुकरांना काय मारू?" मोतीराम म्हणाला.

"तुमचं बोळकं दाखवा. हसून मरतील."

पोरगा आकाश वाळूजला लेथवर होता. त्यानं नळीच्या तोंडाचं माप घेतलं आन् पितळेच्या गोळ्या काढून आणल्या. सोन्यासारख्या झगझगीत.

"एकदम फिट, बाबा."

पण ठासायचा गज घासून घासून नळीचं तोंड झिजलेलं, आत ती अरुंदच. शिसं मऊ, दबून खाली जायचं. पितळ कशाला दबतंय?

दिवस मावळतीला कळप मक्यात शिरला. कणसं मोडल्याचा आवाज अंगणात यायला लागला. मोतीरामनं दारू ठासली, वरून गोळी सोडली. ती निम्म्यात अडकली. गजानं ठोकली, मोगरीनं ठोकली. हलंना.

"बाबा, राहू द्या. सकाळी बघू."

"सकाळपर्यंत मका राहतोय व्हय? बारासरशी जाईल गोळी पुढून."

गोजरबाईनं त्याचं कोपर धरलं. "आवं, तिला दात पण लागला नाय."

"पितळ चावून उरलेले पाडतीस काय?" तो हसला आन् बांधावर गेला.

बार झाला. डुकरं पळाली. नळी मधोमध केळाच्या सालीसारखी सोलली होती. मोतीराम बांधावर पडला तो उठलाच नाय. त्याचं तोंड गोजरबाईनं पोरीला बघू दिलं नाय.

दिवस घालून पाहुणे परतले. आकाश कामावर जाईना, आपल्याच बोटांकडं बघत बसायचा. आन् विशाखानं औषध सोडलं. रक्तातलं शिसं उतरायचं तर औषध पाहिजे, आन् ती ओठ आवळून बसलेली.

"काय झालं गं माय?"

"मी चावली असती तर आबा मेला नसता."

लग्न होऊन आली तवापासून गोजरबाईचा त्या रिवाजावर भरवसा. तिच्याबी मनात रात्रंदिवस तेच घोळत होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आन् मोठा आ केला.

"हे बघ. दात कुठाय?"

"उसानं नेला."

"एक उसानं. शेजारचा त्या पितळेनं. चोरून चावली मी. दात गेला, पण खूण उठवली. ही खोल!"

पोरीनं खिंडीत बोट घातलं. चाचपलं. खिंड दोन दातांएवढी भरली खरी.

"तरी उलटली?"

"तरी उलटली. दाताचं काय नसतं गं."

विशाखानं बोट काढलं आन् तोंड उघडलं. गोजरबाईनं औषध पाजलं.

बाहेर मक्यात कणसं मोडायला लागली. घरातलं कुणीच उठलं नाय.