सहाशे टन काळं पाणी

रोदांथीने आपल्या लेकीच्या, फालियाच्या, गालात बोट घालून ऑलिव्हची बी बाहेर काढली. दोन वर्षांची पोर. नजर जरा हलली की काहीतरी तोंडात. बी टेबलावर ठेवून तिने मान वर केली, तर घाणेवाला मानूसोस कॉफीच्या दुकानात सगळ्यांना राकी पाजत होता.

"प्या रे, लाजताय काय! माझ्या घाण्यातली घाणसुद्धा आता औषधवाल्यांना हवीय. आणि न्यायला कोण आलंय बघा. माझी धर्मलेक!"

धर्मलेक खरीच. बाप्तिस्म्याला तिच्या अंगाला तेल चोळलं ते याच माणसाने, याच्याच घाण्यातलं. आणि चार हिवाळ्यांपूर्वी तिच्या बापाची संत्र्याची साठ झाडं मारली तीही यानेच.

ऑलिव्हचं तेल निघाल्यावर जे काळं पाणी उरतं ते कुठे सोडायचं, ही डोंगरातल्या प्रत्येक घाण्याची डोकेदुखी. मानूसोसने त्यासाठी टेकडीवर तळं खणलं होतं, उन्हाळ्यात आटून जावं म्हणून. त्या वर्षी पीक उदंड आलं. डिसेंबरात ओढा काळा वाहिला, आंबूस वासाने खिडक्या लावून घ्याव्या लागल्या, आणि फेब्रुवारीत खालच्या बागेतली झाडं उभ्या उभ्या वाळली. तिचे वडील, स्ट्रातीस, तिला घेऊन याच दुकानात आले होते. "मानूसोस, तुझं पाणी माझ्या मुळांत गेलं, एवढं कबूल कर," म्हणाले. त्यावर मानूसोस म्हणाला होता, "झाडांना पाणी कमी पडलं आणि तुला राकी जास्त झाली, त्याला मी काय करू?" सगळं दुकान खो खो हसलं. वडील पुन्हा तिथे गेले नाहीत. पुढच्या वर्षी वारले. तेव्हा रोदांथी पोटुशी होती, आणि त्यांच्या उशाशी बसून तिने एकच गोष्ट ठरवली होती. याच दुकानात, याच माणसाच्या तोंडून, याच लोकांसमोर ते वदवून घ्यायचं. पैसे नकोत, माफीही नको.

ती इराक्लिओ शहरात रसायनशास्त्र शिकली होती. ऑलिव्हमधलं घशाला झोंबणारं जे कडू असतं ते तेलात थोडंसंच उतरतं, बहुतेक त्या पाण्याबरोबर जातं, हे तिला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. तेच कडू मातीत लोटलं तर मुळं जाळतं आणि गाळून, निवडून चिमूटभर घेतलं तर माणसाच्या अंगी लागतं, हे बागेत उभं राहून कळलं. किनाऱ्यावर ते काढून घेणारा कारखाना उभा राहिला, तेव्हा डोंगरातले घाणे निवडायचं काम तिने मागून घेतलं.

"लहान पोर आहे घरात," नवरा म्हणाला होता. "तो माणूस खुनशी आहे. सोड."

"मीही आहे," ती म्हणाली होती. पण गेले तीन दिवस तिचं हेच चाललं होतं. दाराची कडी दोनदा बघायची, पोरीचा श्वास चारदा. हे लोक पुन्हा हसले तर? आवाज फुटलाच नाही तर? आज फालियाला घरी ठेवायचा धीर झाला नाही, म्हणून बरोबर आणली.

"काका," ती जमेल तितकं सपाट म्हणाली, "दर हंगामात किती पाणी निघतं ते या अर्जात लिहायचंय. ज्याचं जास्त, त्याच्याकडे कारखान्याचा टँकर आधी."

"लिही, सहाशे टन!"

"पलीकडच्या गावच्या घाण्याचं साडेसहाशे आहे म्हणे," दुकानाचा मालक सिफिस गल्ल्यामागून म्हणाला.

"तो काय घाणा आहे? लिंबू पिळतो तो! माझं चांगल्या साली सातशे भरतं."

"चांगली साल म्हणजे कुठली हो?" रोदांथीने विचारलं.

"चार वर्षांमागची! विसरलात? तसं पीक बापजन्मात नाही झालं."

"मग तुमच्याच हाताने लिहा. सही तुमची लागते."

त्याने एरवीचे सहाशे, त्या सालचे सातशे असं लिहिलं, आणि खाली कागदभर सही ठोकली. रोदांथीने पोरीच्या पोटाभोवती हात गुंफून घेतले.

"आणि तळ्यात किती मावतं?"

"दोनशे. मी स्वतः खणलंय ते—"

त्याचा पेला ओठांपाशी थांबला.

"मग त्या साली पाचशे टन गेलं कुठे?"

"आटतं की! उन्हाने आटतं."

"डिसेंबरात?" हे सिफिसने विचारलं. "त्या डिसेंबरात तीन आठवडे पाऊस लागला होता. या छपराखाली मी बादल्या मांडल्या होत्या."

"तू कॉफी कर, सिफिस."

रोदांथीने फाइलमधून दुसरा कागद काढून शेजारी ठेवला. सरकारी कचेरीत त्याने दिलेलं त्याच सालचं पत्र. दोनशे टन, सगळं तळ्यात. "दोन्ही सह्या तुमच्या, काका. कुठली खोटी ते सांगा."

मानूसोसने आजूबाजूला पाहिलं. कुणी नजर मिळवेना.

"अरे, तळं फुटायला आलं होतं!" तो ओरडला. फालिया दचकून आईला बिलगली. "घाणा बंद ठेवला असता तर तुमचीच ऑलिव्हं पोत्यात कुजली असती! नळ सोडला मी. ओढ्यात सोडला. तुमच्यासाठी!"

"कुणाच्या बागेत गेलं?"

"माहितीये तुला."

"कुणाच्या?"

"स्ट्रातीसच्या," तो म्हणाला. "स्ट्रातीसच्या बागेत गेलं."

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की रडू फुटेल. रडू आलं नाही. छातीत काहीतरी गरम, गोड उतरलं आणि अजून हवंसं वाटलं.

"झालं समाधान?" मानूसोसने पेला आपटला. "लाव आता टँकर."

"टँकर पलीकडच्या गावी जाईल."

"तू शब्द दिला होतास!"

"तुमच्या सहीच्या वरची ओळ वाचा. ज्याने कधी पाणी उघड्यावर सोडलं, त्याच्याकडून घ्यायचं नाही. सही वाचून करावी, काका."

त्याने ओळ वाचली. बोट ठेवून पुन्हा वाचली. "मग हे सहाशे टन मी कुठे घालू?"

"दोनशे तळ्यात. ते भरलं की घाणा बंद. नाताळच्या आधीच भरेल."

"भर हंगामात?"

"आणि आमची ऑलिव्हं, पोरी?" सिफिसने हळूच विचारलं.

"डोंगरापलीकडे न्या. माझ्या सासूचीही तिथेच जातील. चढ आहे, वेळ लागेल." तिने फालियाला कडेवर घेतलं आणि मानूसोसकडे वळली. "आणि रोज सकाळी मी ओढ्यात पांढरं फडकं बुडवून, काळं निघतं का ते बघणार आहे. रोज."

दाराशी बसलेल्यांनी पाय आखडून तिला वाट दिली. त्या दिवशी वडिलांना हसलेले चेहरे तिला एकूण एक पाठ होते. जाताना तिने त्यातल्या प्रत्येकाकडे, तो मान खाली घालेपर्यंत, रोखून पाहिलं.