वाढीव अंदाज

पोपट ओव्हाळांना आयुष्यात कोणाला तोंडावर 'नाही' म्हणता आलं नाही. कागदावर मात्र त्यांनी चौतीस वर्षं 'नाही'शिवाय दुसरं काही म्हटलं नाही. एका सरकारी खात्याच्या हिशेब शाखेत होते ते. कोणाचंही अंदाजपत्रक टेबलावर आलं की समासात लाल शाईनं शेरा: 'बाब क्रमांक सातची आवश्यकता पटवून द्यावी.' झालं, तो कागद सहा महिने गावाला गेलाच म्हणून समजा. समोर माणूस बसलेला असला तर त्याला चहा पाजायचे, पोराबाळांची चौकशी करायचे, दारापर्यंत सोडायला जायचे आणि परत येऊन शेरा मारायचे. स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार?

आणि अशा माणसाच्या पोटी कल्याणी! मनात आलं की ओठावर, आणि ओठावर आलं की झालंच. एके रविवारी सकाळी धायरीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पोह्यांच्या बश्या बाजूला सारून तिनं लॅपटॉप ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, मी शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारणार आहे. एकटी. नोकरी सोडतेय. तुम्ही मला बजेट करून द्या."

पोपटरावांच्या घशात शेंगदाणा अडकला. चंद्रभागाबाईंनी पाठीत दोन धपाटे घातले तेव्हा कुठे श्वास आला.

तशी ही भानगड चार वर्षांपूर्वीची. तिच्या नोकरीच्या कंपनीनं सगळ्या पोरांना शिडाची बोट चालवायला म्हणून खडकवासल्याला नेलं होतं. बाकीचे भजी खाऊन परत आले, ही शिकून आली. मग दर शनिवार-रविवार तिथंच. मग सुट्टी टाकून गोवा. गेल्या वर्षी तर कोणा परदेशी जोडप्याच्या बोटीवर हाताखाली काम करत मॉरिशसपर्यंत जाऊन आली. तेव्हा पोपटरावांनी पेढे वाटले होते. वाटणार नाहीत तर काय करतील? पोरगी सुखरूप घरी आली होती!

पण आता हे वेगळं होतं. गोव्याहून निघायचं, ऑस्ट्रेलियाच्या खालून जायचं, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालायचा आणि आफ्रिकेच्या खालून परत. अकरा महिने. वाटेत फक्त तीन बंदरं. बाकी सगळं पाणी, आणि त्या पाण्यात एकटी कल्याणी.

"भोसरीची एक पंपांची कंपनी पैसे द्यायला तयार आहे," ती म्हणाली. "पण त्यांना पक्कं बजेट हवंय. मी काढलंय ब्याण्णव लाखांचं, पण ते अगदीच कच्चं आहे. तुमच्यासारखं कोणाला जमणार?"

"बघू की," पोपटराव म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं, जाऊ नको. पण निघालं ते 'बघू की'.

कल्याणी आंघोळीला गेल्यावर चंद्रभागाबाई नवऱ्यावर घसरल्या. त्या सिंहगडाच्या पायथ्याच्या, त्यांची भाषा सरळ. "बघू काय बघू? तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलंय? जाऊ नको म्हणा की तिला! तुमचं ऐकती ती."

"ऐकते म्हणूनच म्हणता येत नाही गं," पोपटराव म्हणाले.

आणि ते खरंच होतं. कल्याणी बारावी झाली, लांबच्या कॉलेजात नंबर लागला, तेव्हा भावकीतल्या चार जणांनी नाकं मुरडली होती. पोरीच्या जातीला एवढ्या लांब कशाला? त्या बुद्ध पौर्णिमेला विहारात भर सभेत पोपटरावांनी माईक हातात घेतला. जन्मात पहिल्यांदा. म्हणाले, "आमच्या आधीच्या पिढ्यांना पावलोपावली कोणीतरी नको म्हणत आलं. माझ्या घरात माझ्या मुलीला कोणी नको म्हणणार नाही. मीसुद्धा नाही." केवढ्या टाळ्या पडल्या होत्या! कल्याणी पहिल्या रांगेत बसून रडत होती. आता त्या शब्दांवरून मागे यायचं तर कोणत्या तोंडानं?

तेव्हा त्यांनी आपला जुनाच मार्ग धरला. दुपारी जेवणाच्या टेबलावर फुलस्केप कागद पसरले, पट्टीनं रकाने आखले आणि कल्याणीला समोर बसवून एकेक बाब विचारायला लागले.

"शिडांचे दोन संच कशाला?"

"एक फाटलं तर."

"फाटतं?"

"फाटतंच पप्पा, दक्षिणेच्या वाऱ्यात."

"हा कमरेचा पट्टा?"

"बोटीला बांधून ठेवायला. एकटा माणूस पाण्यात पडला तर बोट त्याला सोडून पुढे निघून जाते ना. थांबवायला कोणी नसतं."

हे सगळं ती हसत हसत सांगत होती. पोपटराव लिहीत होते. संकटाची खूण पाठवणारं यंत्र कशाला, तर बोट बुडाली तर. दात काढायचं सामान कशाला, तर दुखला तर स्वतःच उपटायचा. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना आवश्यकता पटवून द्यायला लावली होती, आणि आता पोटची पोर प्रत्येक बाबीची आवश्यकता इतकी चोख पटवून देत होती की त्यांना तिथून उठून जावंसं वाटलं. एकेक बाब म्हणजे मरणाची एकेक तऱ्हा होती. त्यांनी सत्तेचाळीस बाबी लिहून घेतल्या.

मग त्यांनी आपलं काम सुरू केलं. पोपटरावांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: अंदाज कमी असला तर मंजूर होतो, थोडा जास्त असला तर कापून मंजूर होतो, पण अवाच्या सवा फुगला तर वरचा साहेब वाचतसुद्धा नाही, कागद सरळ परत. एवढी साधी गोष्ट. पोरीला नाही म्हणायला नको, तिचं मन मोडायला नको. नाही म्हणेल ती भोसरीची कंपनी. शिव्या खातील ते पंपवाले.

शिडांचे दोन संच होते, त्यांनी चार केले. दोरखंड दुप्पट. बोटीची डागडुजी तीन बंदरांत होती, ती नऊ बंदरांत धरली. सहा बंदरांवर तर ती जाणारही नव्हती. अन्न तीनशे तीस दिवसांचं होतं, ते पाचशे दिवसांचं केलं. त्याचे भाव खरे असावेत म्हणून स्वतः बस पकडून मंडईत गेले. खोटं अंदाजपत्रकसुद्धा खऱ्या भावानं करायचा माणूस तो! मंडईजवळच्या दुकानदारानं यादी वाचली. पोहे, डाळी, गूळ, शेंगदाणे, सगळं किलोंच्या भाषेत.

"लग्न आहे वाटतं घरी?" त्यानं विचारलं.

"नाही. एकच माणूस जेवणार आहे."

दुकानदारानं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मग डॉक्टरला दाखवा त्याला," असं म्हणून त्यानं भाव लिहून दिले.

शेवटची बाब आकस्मिक खर्चाची. नेहमी शेकडा पाच धरतात, फार तर दहा. पोपटरावांनी शेकडा चाळीस धरला. बेरीज आली दोन कोटी चौदा लाख. त्यांनी ती दोनदा तपासली. मग पंखा वाढवून खुर्चीत टेकले आणि कित्येक दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

कल्याणीनं आकडा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "पप्पा, एवढे कोण देणार?"

"खर्च आहे तो आहे, बाळा," पोपटराव म्हणाले. तिच्या डोळ्याला डोळा देणं त्यांना जमलं नाही. "जिवाशी खेळ आहे. कमी दाखवून कसं चालेल?"

ती बराच वेळ पानं उलटत राहिली. "ठीक आहे," म्हणाली. "तुम्ही केलंय म्हणजे विचार करूनच केलं असणार." एक आकडा न बदलता तिनं ते पाठवून दिलं. पोपटरावांना स्वतःची लाज वाटली, पण लाजेनं कोणी मरत नाही, असं म्हणून त्यांनी ती गिळली.

तीन आठवड्यांनी भोसरीहून बोलावणं आलं, आणि तेही वडिलांना घेऊन या म्हणून. पोपटराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. वाटेत कल्याणीची समजूत कशी घालायची ते मनात जुळवत होते: दुसरी कंपनी बघू, पुढच्या वर्षी बघू, आधी लग्नाचं बघू.

कंपनीच्या पूर्वा मॅडम चाळिशीच्या, चटपटीत. समोर पोपटरावांचे फुलस्केप कागद. प्रत्येक पानावर पिवळी चिठ्ठी.

"ओव्हाळ साहेब, हे आपण केलंत?"

"हो," पोपटराव म्हणाले. आता बाईंनी चोरी पकडली, असंच त्यांना वाटलं.

"आमच्याकडे आणखी तिघांचे प्रस्ताव आले होते. सगळ्यांनी आम्हाला आवडावं म्हणून खर्च कमी दाखवला. आपण शिडांचे चार संच धरलेत, अन्न पाचशे दिवसांचं धरलंत. आमच्या संचालकांनी वाचलं आणि म्हणाले, हा माणूस पोरीला परत आणायचा हिशेब करतोय, पाठवायचा नाही. अशा घरावर पैसे लावायला भीती वाटत नाही." मॅडम हसल्या. "पूर्ण रक्कम मंजूर. एक पैसा कापलेला नाही."

कल्याणीनं किंकाळी फोडली आणि बापाच्या गळ्यात पडली. "पप्पा, तुमच्यामुळे! फक्त तुमच्यामुळे!" पोपटराव तिच्या पाठीवर थोपटत राहिले. चौतीस वर्षांत त्यांनी एकही अंदाजपत्रक न कापता मंजूर झालेलं पाहिलं नव्हतं. झालं ते नेमकं हे. त्यांना मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, की अहो मॅडम, ते सगळं खोटं आहे, मी फुगवलंय, कापा ते! पण मॅडमनी चहा मागवला होता आणि सगळे त्यांच्याकडे कौतुकानं पाहत होते. त्यांनी चहा प्यायला.

घरी चंद्रभागाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "शाबास. पोरीला पाठवायचा खर्च बापानंच मंजूर करून आणला." आणि शेंगदाणे भाजायला घेतले, कारण वर्षभर टिकेल अशी चटणी काही एका दिवसात होत नाही.

पुढचे दोन महिने कसे गेले ते पोपटरावांना कळलं नाही. गोव्यात बोट घेतली. हॉलमध्ये डबे, दोऱ्या, औषधं यांचा ढीग लागला. शेजारीपाजारी येऊन अभिनंदन करत. विहारात सत्कार झाला, आणि पोपटरावांना ते जुनं भाषण पुन्हा करायला लावलं. त्यांनी ते केलं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

निघायच्या आदल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, कल्याणी विम्याचे कागद घेऊन आली. "पप्पा, एवढं शेवटचं पान तुम्ही भरायचंय. जवळच्या नातेवाइकानंच भरायचं असतं. एजंट खाली थांबलाय."

पोपटरावांनी चष्मा लावला. नाव, पत्ता, नातं. भराभर लिहिलं. मग एक ओळ आली, तिथे पेन थांबलं. संपर्क तुटल्यास सरकारी शोध थांबल्यानंतर विमान भाड्यानं घेऊन खासगी शोध किती दिवस चालू ठेवावा? पुढे रिकामी चौकट. त्याच्या पुढे, दिवसागणिक वाढणारा हप्ता.

पोपटरावांनी चौकटीत लिहिलं: ३६५.

कल्याणीनं खांद्यावरून वाकून पाहिलं. आधी हसली. "अहो पप्पा, वर्षभर? हप्ता बघा केवढा होतो! आणि वर्षभर शोधून करणार काय? दहा पुरेत."

"दहाच?"

"दहा दिवसांत सापडला माणूस तर सापडला. त्यानंतर पाण्यात शोधण्यासारखं काही उरत नाही, पप्पा." दूधवाल्याचे खाडे सांगावेत तितक्या सहज तिनं हे सांगितलं. मग बापाचा चेहरा पाहून तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता. चंद्रभागाबाई दारात येऊन उभ्या होत्या, हाताला पीठ तसंच. आता तरी बोला, असं त्या नुसत्या डोळ्यांनी म्हणत होत्या. पोपटरावांना कळत होतं की यापुढे संधी नाही. जाऊ नको. दोनच शब्द. त्यांनी तोंड उघडलं.

"पंधरा तरी?" ते म्हणाले.

कल्याणीनं जरा विचार केला. "बरं, बारा," म्हणाली. "तुमच्यासाठी."

पोपटरावांनी तीनशे पासष्टवर आडवी रेघ मारली आणि वर बारा लिहिलं. खाडाखोड केली की शेजारी सही लागते, नाहीतर कागद परत येतो. हा कागद परत यावा असं त्यांना फार फार वाटत होतं. पण हाताची सवय चौतीस वर्षांची. ती रेघ सुकायच्या आत त्यांनी तिच्याशेजारी नीट, वाचता येईल अशी सही करून टाकली.