ओल्या रंगाची खुर्ची

तायडे मॅडम आठवल्या की आधी एक खिडकी आठवते. आमच्या शासकीय तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेची ती पूर्वेकडची, गंजक्या जाळीची खिडकी. तिच्यातून सकाळचे तिरपे ऊन लोखंडाच्या भुश्श्यावर उतरे, आणि त्या उन्हासमोर उभ्या राहून मॅडम, एक डोळा मिटून, आम्ही कानशीने घासून आणलेले दोन तुकडे एकमेकांत बसवून वर धरत. घासणाऱ्याचा हात सरळ चालला असेल तर त्या सांध्यातून प्रकाशाचा केसही शिरत नसे. आमच्या सांध्यांतून मात्र अख्खा बुलढाणा जिल्हा दिसे. मॅडम तुकडे शांतपणे परत हातात ठेवत आणि म्हणत, "उजेड दिसून राह्यला वं." मग पुन्हा कानस, आणि पत्र्याच्या छपराखाली पुन्हा तोच खरखरता, दात शिवशिवणारा नाद. इतरांचे गुरू प्रकाश दाखवतात. आमच्या मॅडम तो बंद करायला शिकवत.

मी वडनेर भोलजीची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. मेथीच्या जुड्या बांधून तयार झालेले माझे हात लोखंडाला भीत नव्हते, पण लोखंडही माझ्या हातांना अजिबात भीत नव्हते. कॉलेज म्हणजे फळा आणि वही, अशा समजुतीने मी आले होते. पहिल्याच दिवशी मॅडमनी वही बाजूला ठेवायला लावली आणि हातात हातोडी दिली.

त्यांची आकृती त्या शेडमध्ये ऋतूसारखी फिरे. खळ केलेली जाडीभरडी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, वर खाकी अ‍ॅप्रन, चष्म्याला बांधलेला चपलेच्या दुकानातला काळा दोरा. उन्हाळ्यात छप्पर तापून कडकड वाजू लागले की त्यांचा आवाजही एक पट्टी वर जाई, आणि हिवाळ्यात भट्टीभोवती आम्ही शेकत उभे राहिलो की त्या तिथेच, आमच्या पाठीमागून, लोखंडाचा रंग ओळखायला शिकवत. मात्र त्या बसत नसत. त्या शेडमध्ये त्यांना बसलेले कोणी पाहिले नव्हते. त्यांना गुडघे आहेत की नाहीत यावर मुलांमध्ये वाद होता.

आणि त्यांचा एक नियम होता: ज्याने वस्तू बनवली त्याने ती आधी स्वतः वापरायची. स्टूल बनवलेस, दिवसभर त्यावर बस. सुपली बनवलीस, शेड झाड. आमच्यातल्या एका मुलाने दाराची कडी बनवली, तर त्याला हत्यारांच्या खोलीत जाऊन ती आतून लावून घ्यावी लागली. कडी उत्तम लागली. निघाली मात्र नाही, आणि त्याचा जेवणाचा डबा आम्ही जाळीतून एकेक पोळीची गुंडाळी करून आत सरकवला. तेव्हापासून आमच्या हातून कुठलीही वस्तू निघताना जरा विचार करून निघू लागली.

आमच्या दुसऱ्या वर्षी भादव्यात बातमी आली की वरच्या कार्यालयाला आमची शेड नको आहे. ती रिकामी करून तिथे गार हवेचे सभागृह व्हावे, आणि लेथ, भट्टी, कानस हे सगळे मुलांनी संगणकाच्या पडद्यावर पाहावे, असे घाटत होते. पाहणीला समिती येणार होती. प्राचार्यांना सभागृहाची कल्पना मनापासून आवडली होती. मॅडम एवढेच म्हणाल्या, "पडद्यावर कोनाचा हात भाजते काय? मंग तो शिकन कसा?" शेड गेली असती तर त्यांना कार्यालयात टेबल आणि खुर्ची मिळणार होती. ज्या बाईला आम्ही कधी बसलेले पाहिले नाही, तिला निवृत्तीपर्यंत बसवून ठेवायची ही शिक्षा आम्हाला फार क्रूर वाटली.

समितीसाठी प्राचार्य मंडपवाल्याकडून गुबगुबीत खुर्च्या आणणार होते. मॅडमनी ते मोडून काढले. पाहुणे आमच्या मुलांनी बनवलेल्या खुर्च्यांवर बसतील, म्हणाल्या. चौकोनी पाइप कापून, जोडून, वर पत्र्याची बैठक ठोकून आम्ही पाच खुर्च्या उभ्या केल्या: तीन समितीच्या, एक प्राचार्यांची, आणि एक मॅडमची, जी वाया जाणार हे सर्वांना ठाऊक होते. हिरव्या ऑइलपेंटचा एक पातळ हात मारून मॅडम घरी गेल्या. सकाळी आम्ही त्यांवर बसून पाहायचे, असा बेत होता.

त्या संध्याकाळी प्राचार्य आले. खुर्च्यांभोवती एक प्रदक्षिणा घालून त्यांनी नापसंतीने मान हलवली. चमक कमी आहे, म्हणाले, आणि स्वतः उभे राहून आमच्याकडून दुसरा, चांगला जाड हात मारून घेतला. वर ताकीद दिली की पाहुण्यांआधी एकही पोरगा खुर्चीला शिवता कामा नये. भादव्याची ती दमट हवा; आमच्याकडे त्या दिवसांत अंगावरचा घाम वाळत नाही, तिथे ऑइलपेंट काय वाळणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही मॅडमना हे सांगायच्या आतच समिती आली, खुर्च्यांचे कौतुक झाले, आणि चारही मंडळी विसावली. अध्यक्ष पुण्याकडचे, देहाने भारदस्त. त्यांनी आधीच सांगून टाकले की दहा मिनिटे बसू, मग कार्यालयात चहा घेऊन निघू. थोड्या वेळाने ते उठायला म्हणून पुढे झुकले, आणि त्यांच्याखालून, पाटावर चिकटलेला कागद कोणी सावकाश ओढावा तसा, एक लांबलचक आवाज आला. ते पुन्हा बसले. त्यांच्या चेहऱ्यावर विलक्षण गांभीर्य पसरले. शेजारच्या दोघांनीही गुपचूप थोडे हलून पाहिले आणि तेही गंभीर झाले. प्राचार्य छपराकडे पाहू लागले.

मॅडमनी पाचव्या खुर्चीच्या पाठीला अंगठा लावला. अंगठा हिरवा झाला. त्यांनी आमच्याकडे पाहिले, मग प्राचार्यांकडे, आणि सगळे समजल्या. शेड तिथेच बुडाली, असे मला वाटले. तेवढ्यात मॅडमनी अ‍ॅप्रन काढून खुंटीला टांगला, त्या दिवसासाठी नेसलेली कडक इस्त्रीची पांढरी सुती साडी नीट सावरली, आणि त्या ओल्या खुर्चीवर, पूर्ण भार टाकून, अगदी निवांत बसल्या. शेडमधली एकेक कानस थांबली.

"आमच्यात बनवणारा आधी बसते, साहेब," त्या म्हणाल्या. "हे पोरं माह्या हाताखालचे, म्हनून मी बसली. रंग ओला हाये. आता बसलोच हाओत तं काम पाहून घ्या."

अध्यक्षांचे पोट हलू लागले, आणि ते इतके हसले की खुर्चीही त्यांच्याबरोबर हसली. पुढचा सगळा वेळ मॅडम बसल्या जागेवरून हात करत राहिल्या आणि आम्ही लेथ चालवला, भट्टी फुलवली, लोखंड वाकवले. अध्यक्षांना राहवेना. खुर्ची दोन्ही हातांनी मागे धरून, तिच्यासकट वाकून, ते बाकापर्यंत चालत गेले आणि त्यांनी कानस मागितली. बराच वेळ घासून त्यांनी आपले तुकडे उन्हासमोर धरले. मॅडमनी बसूनच मान तिरकी केली.

"उजेड दिसून राह्यला, साहेब."

टर्पेंटाइन आणि बोळे घेऊन आम्ही पाहुण्यांना आणि प्राचार्यांना सोडवले; मॅडम मात्र बोळा न लावता स्वतःच सरळ उठल्या. हिरवे पट्टे घेऊन समिती गेली, आणि महिनाभराने कळले की शेड राहणार. प्राचार्यांनी चार खुर्च्या घासून पुन्हा रंगवून घेतल्या. पाचवी आम्ही हत्यारांच्या खोलीत दडवली, कारण तिच्या वाळलेल्या रंगात मॅडमच्या साडीची वीण जशीच्या तशी उमटली होती, उभा धागा, आडवा धागा, आणि काठाची नक्षी. मॅडमना ती सापडली तेव्हा त्यांनी निरखून पाहिले आणि एवढेच म्हणाल्या की रंगाचा थर जाड झाला होता. हिरव्या डागाची ती साडी त्या पुढेही शेडमध्ये नेसून येत. उभे राहता यावे म्हणून ती बाई आयुष्यात एकदाच बसली, आणि नंतर निवृत्तीच्या दिवसापर्यंत पुन्हा बसली नाही.

त्या जाऊनही आता काही वर्षे झाली. मी त्याच शेडमध्ये शिकवते. माझी मुले स्वतःच्या स्टुलांवर बसून कुरकुरतात, ते ऐकून मला फार बरे वाटते. कधी सकाळी कोणी नसले की ती खुर्ची मी खिडकीशी नेते, तिरप्या उन्हात जरा कलती करते आणि एक डोळा मिटते. धाग्याधाग्यात बारीक सावली भरलेली दिसते. मध्ये इतका काळ गेला, माणूस गेले, साडीही कुठे विरून गेली असेल. पण त्यांच्या-माझ्यातल्या सांध्यातून अजून उजेड दिसत नाही.